चाळीस किलो ज्वारी

साडेसहाशेला पडले.
मोंढ्याच्या कोपऱ्यावर मुजम्मिलनं सातशे सांगितले होते,
मी म्हणलं, तुझ्या घरचं दळण माझ्याकडंच येतंय बरं.
डबी पांढरी, मुठीत मावणारी, कुंकवाच्या करंड्याएवढी.
झाकण लावलं की टक्क वाजतं.
खरं सांगू, निम्मे पैसे त्या टक्कचेच.

खोक्यावर लिहिलंय वीस तास.
तासाचं मला काय कळतंय,
गिरणीतलं घड्याळ पिठानं केव्हाच थांबवलंय.
मी माझ्या मापानं मोजलं:
एका चार्जात चाळीस किलो ज्वारी,
वर कुणाची तरी अर्धी पायली हरभऱ्याची डाळ.
मग आतली बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटते
आणि गोष्ट बंद.

(खुनाच्या गोष्टी ऐकते मी.
सेलूत खून फारसे होत नाहीत.)

बोट लावलं की थांबायचं,
दोनदा लावलं की पुढं जायचं, असं ठरलेलं.
पिठाच्या बोटाला ते ओळखच देत नाहीत.
पदराला मात्र लगेच.
पदर घासला की खुनी सापडायच्या आत
दुसऱ्याच गावात दुसरंच प्रेत.

फोन गल्ल्यात ठेवून चालत गेले.
हातपंपापर्यंत ठीक.
पंपाच्या पुढं सात पावलांवर
इन्स्पेक्टर तोतरा बोलायला लागतो,
शाळेच्या भिंतीपाशी गप्पच होतो.

माइक वाईट. उदगीरला बहिणीला लावला,
शेवंता म्हणाली, "कोण बोलतंय? जातं?"
मी म्हणलं, मी.
"मग तेच की," ती म्हणाली.

बाहेरचा आवाज कमी करतात म्हणे.
नाही करत.
पट्टा, दगड, मोटर, सगळे आत येऊन
मांडी घालून बसतात, गोष्ट ऐकायला आल्यासारखे.
लाइट गेली की मात्र काय स्वच्छ ऐकू येतं!
मारेकऱ्याच्या चपलेची वाळूवरची कुरकुरसुद्धा.

अशाच एका लाइट नसलेल्या दुपारी कळलं,
डावा कमी वाजतो.

गेले परत. पावती नव्हती, तोंड होतं.
मुजम्मिलनं फुंकर मारली, टाचणीनं जाळी साफ केली,
दोन्ही स्वतःच्या कानांत घातले, डोळे मिटले.
"अक्का, दोन्ही सारखेच वाजायलेत."
नवी जोडी फोडली.
तीही डावीकडं कमी.
मग त्यानं डावा घेतला
आणि माझ्या उजव्या कानात उलटा बसवला,
शेपूट वर, विंचवासारखा.

खणखणीत.

तो काही बोलला नाही.
काचेवर नसलेली धूळ पुसत राहिला.
थोड्या वेळानं म्हणाला, "सहा महिन्यांची वॉरंटी आहे, अक्का,"
आणि जीभ चावली.

मोटर माझ्या डाव्या अंगाला आहे.
एकोणीस वर्षं.

जुनीच जोडी घेऊन आले.
येताना रस्ताभर उजवा कान बोटानं मिटून बघितला,
मग सोडला, मग परत मिटला.
रिक्षा हलत होत्या.
भाजीवाल्याचं तोंड उघडं होतं.

आता उजवाच वापरते.
डावा डबीत पडून, कायम फुल्ल.
एकच वापरला तर ज्वारी मात्र साठ किलोपर्यंत जाते,
हेही मोजलं.

काल नसरीनबी डबा घेऊन डावीकडं उभी होती.
ओठ हलताना दिसले म्हणून मान वळवली.
"कबसे पूछ रही मैं, कैसे हैं ये? लेऊं क्या मैं बी?"

चांगले आहेत, मी म्हणलं.
पिठापासून जप. ओढणी लांब ठेव.
साडेसहाशेच्या वर देऊ नको.
आणि घेताना,
दुकानातली लाइट गेलेली असली तर बरंच,
एकेक कान वेगळा ऐकून बघ.